पाण्यात गेलेली शर्यत

माझा चुलता उभ्या आयुष्यात घोडीवरून कधी पडला नाही. जत्रा तीन दिवसांवर आलेली असताना तो भिगवणच्या रस्त्यावर फटफटीवरून पडला आणि उजव्या हाताला प्लास्टर घालून घरी आला. मी शर्यतीच्या घोड्यावर कशी बसले, असं कुणी विचारलं की मला इथूनच सांगावं लागतं.

नव्वद साल नुकतंच मागं पडलं होतं. मी सतरा वर्षांची होते. घरची मेंढरं विकून वडील, म्हणजे आमचे तात्या, दोन एकर उसाच्या मागे लागले होते. पण माझं लहानपण मेंढरांच्या बिऱ्हाडात गेलेलं. मुक्काम हलला की घोडीच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, दोन कोंबड्या, एखादं कोकरू आणि सगळ्यात वर मी. कोंबड्या भिऊन ओरडायच्या. मी झोपून जायची.

चुलता ज्या घोडीवर शर्यतीत बसायचा ती माळेगावच्या एका ऊसवाल्या आबांची. तांबडी, उंच, भलतीच तोऱ्यातली. सरावासाठी महिनाभर ती आमच्याच दारात बांधलेली होती. प्लास्टरची बातमी ऐकून आबा जीप घेऊन आले आणि बाजेवर मटकन बसले.

"आता माझ्या घोडीवर कोन बसणार?"

चुलत्याने डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. मी शेणाची पाटी घेऊन निघाले होते.

"ही पोरगी?"

"आबा, खरं सांगू का? म्हैनाभर पहाटं घोडी हीच पळवतीया. मी झोपतो."

तात्यांनी आधी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाटी खाली ठेवली नाही. हातात काहीतरी असलेलं बरं, असं वाटलं.

आई आतून गरजली, "हिचं लगीन जमवायचंय आमाला! हातपाय मोडल्यावर कोन करंल हिला?"

आबांना लग्नाशी घेणंदेणं नव्हतं. ते मला गावातल्या दुकानात पोती मोजायच्या काट्यावर घेऊन गेले. अडतीस किलो भरले. आबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. पोरगी वाळकी आहे म्हणून आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. तात्यांना काय पटलं देव जाणे, पण संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "पडलीस तर लगाम सोडू नगंस."

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं हटलं की गाळाची सपाट जमीन उघडी पडते. शर्यत तिथंच होती. एका टोकाला पांढऱ्या फक्कीची रेघ, दुसऱ्या टोकाला दोन झेंडे, आणि झेंड्यांच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर पाणी. मी चुलत्याची पँट कमरेला सुतळीने आवळली होती. लाउडस्पीकरवाला जोरात होता, पण माझ्यापाशी येऊन अडखळला. "आबांच्या घोडीवर स्वार… स्वार… थांबा हां… स्वारीण!" सगळं मैदान हसलं. शेजारचा मिशीवाला स्वार मायेने म्हणाला, "ताई, तू आपली मागनं हळूहळू ये."

"बरं," मी म्हणाले.

रुमाल पडला आणि सात घोडी सुटली. पुढच्यांच्या टापांची ढेकळं माझ्या तोंडावर येत होती. मी घोडीच्या मानेवर वाकले, तिचा श्वास माझ्या पोटाला जाणवत होता. भीती वाटायला सवडच मिळाली नाही. एक घोडं मागं पडलं, मग दुसरं, मग ते मिशीवाले दादा. त्यांना काहीतरी खमंग ऐकवावं असं फार मनात होतं, पण तोंडात माती होती.

झेंडे ओलांडले तेव्हा माझ्यापुढे कुणी नव्हतं. लगाम खेचला, तर घोडी थांबेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. महिनाभर रोज पहाटे घोडी पळवून झाली की मी तिला थेट पाण्यात नेऊन धूत होते. तिच्या हिशेबी पळणं संपलं की अंघोळ. ती सरळ पाण्यात शिरली आणि पोटापर्यंत पाणी लागल्यावर खाडकन थांबली. मी थांबले नाही.

वर आले ती एका मच्छीमाराच्या जाळ्यासकट. तो होडीतून ओरडत होता, "आगं माझं जाळं! मासं पळालं की समदं!" तरी दंडाला धरून त्यानेच मला काठावर आणलं.

तिथं भांडण पेटलेलं होतं. दुसऱ्या नंबरच्या घोड्याचा मालक म्हणत होता, "स्वार पडला की घोडी बाद!"

पंच म्हणून एक म्हातारे गुरुजी होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "पडली कुठं?"

"पाण्यात."

"आणि झेंडे?"

"अलीकडं हायती."

"मग मिटलं."

"पर गुरुजी, ती पोरगी हाय!"

"आणि तुला जिनं हरवलं ती घोडी कोण आहे?" गुरुजी म्हणाले. त्यावर इतकं हसू उसळलं की तक्रार त्यातच बुडाली.

ढाल आबांना मिळाली. स्वाराला फेटा द्यायचा रिवाज होता, तो माझ्या ओल्या केसांवरच बांधला. घरी आईने दोन दिवस अबोला धरला, भाकरीचं ताट माझ्यापुढं सरकवून निघून जायची. तात्या मात्र भिगवणच्या चहाच्या हॉटेलात शर्यत सांगत सुटले. पहिल्या दिवशी मी घोडीच्या मानेएवढ्या अंतराने जिंकले होते, दिवाळीपर्यंत वीस हातांनी.

पुढं चार वर्षं बारामती-इंदापूरच्या जत्रांतून मी आबांची घोडी पळवली. दोनदा पडले, एक दात गेला. आई कधी बघायला आली नाही. माझं लग्न ठरलं त्या वर्षी मात्र, शेवटच्या शर्यतीला, ती न सांगता इंदापूरकडच्या मैदानावर येऊन उभी राहिली. वळणावर एका धिप्पाड स्वाराने मला आडवा घोडा घातला आणि मी तिसरी आले. घोडीवरून उतरते तो बघते, आईने पदर खोचून त्या स्वाराला गाठलेलं.

"पोरीच्या आडवा येतोस व्हय रं? लाज हाय का न्हाय?"

तो बिचारा लगाम हातात धरून उभा. "चुकलं मावशी."

मला वाटलं, आता मला जवळ घेईल. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आन् तू! तो भाईर गेला तवा आतनं मोप वाट हुती. तितनं का न्हाय काढलीस?"

एस.टी. स्टँडपर्यंत ती माझ्या चुका मोजत चालली होती. मी एकही खोडून काढली नाही. सगळ्या बरोबर होत्या.