अविवाहित हवालदार बनसोडे

जयपूरच्या मानसरोवर भागात दोन खोल्यांच्या एका घरात आवक-जावक नोंदवही आहे. कचेरीत नव्हे, घरात; आणि त्या घरात माणूस एकच. लग्नपत्रिका आली की तिला आवक क्रमांक मिळतो, वाण्याकडे यादी गेली की जावक. चाकसूला शीतलामातेची जत्रा भरते त्या दिवशी इकडे बासोडा असतो आणि घरोघरी आदल्या दिवशीचं थंड अन्न खातात. गेल्या बासोड्याला शेजारणीने थंड पुऱ्या आणि दहीभात पाठवला, तर त्या डब्यालाही क्रमांक पडला. रिकामा डबा परत गेला तेव्हा नोंदीसमोर 'निकाली' असा शेरा आला. शिळ्या पुऱ्यांचं घरमालकाला फारसं अप्रूप वाटलं नाही. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्याकडे बारा महिने बासोडाच आहे. रविवारी कुकर लागतो आणि बुधवारपर्यंत पुरतो.

हे घरमालक म्हणजे दशरथ बनसोडे. वय शहात्तर. आधी पंधरा वर्षं पलटणीत हवालदार क्लार्क, मग रेल्वेत क्लार्क, आणि रेल्वेनेच आणून टाकलं म्हणून जयपूरकर. गाव साताऱ्याकडे, दहिवडीच्या अलीकडे. चाळीस वर्षं जयपुरात काढूनही त्यांची हिंदी ऐकली की समोरचा विचारतो, "आप साउथ के हैं क्या?" मुलगा निमिष गुरुग्रामला. तो महिन्यातून एकदा फोन करतो आणि हिंदीत मराठी बोलतो. खरं मराठी दशरथरावांच्या वाट्याला आठवड्यातून एकदाच येतं: रविवारी सकाळी दहा वाजता, गावाकडच्या मेहुणीला, मालनला, फोन लावतात तेव्हा. रत्नप्रभाबाईंची ही धाकटी बहीण. वय सत्तर, आवाज पंचविशीतला, जीभ वयाला न जुमानणारी.

पलटणीत असताना दशरथरावांनी शत्रूवर एकही गोळी झाडली नाही; पण जवानांना शत्रूपेक्षा त्यांच्या लाल पेन्सिलीची धास्ती जास्त. फौजेत जवानाचं लग्न झालं की कचेरीतून एक आदेश निघतो. तो निघाला की लग्न झालं. त्याआधी भटजींनी, काझींनी, भन्तेंनी जे काय केलं असेल तो त्यांचा खाजगी मामला. दशरथरावांनी अशी शेकडो लग्नं कागदावर लावली. कुणाच्या बायकोचं वय नवऱ्यापेक्षा जास्त निघालं, कुणाच्या लग्नाची तारीख पोराच्या जन्मानंतरची निघाली. ते सगळं त्यांनी सोडवलं, आणि त्यातल्या एकाही घराची अब्रू बाहेर जाऊ दिली नाही.

तर गेल्या वर्षी सेक्टरातल्या माजी सैनिकांच्या मंडळाने सव्वीस जानेवारीला त्यांचा सत्कार करायचं ठरवलं आणि पदकांची प्रमाणित यादी मागितली. यादी मागवली, ती आली, आणि तिच्यात एकाहत्तरच्या लढाईचं पदक नव्हतं. पदक तर कपाटात होतं! दुसरा कुणी असता तर पदक लावून सत्काराला गेला असता. दशरथरावांनी सत्काराला नकार कळवला (जावक क्रमांक १४) आणि सैनिक कल्याणाच्या कचेरीत जाऊन बसले.

तिथे वैष्णवी नावाची मुलगी टेबलावर असते. चाकसूहून रोज बसने येते आणि दिवसभर म्हाताऱ्या फौजींच्या कागदांशी झुंजते. तिने दुरुस्तीचा अर्ज पाठवला. अडीच महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसातून जाडसर लखोटा आला: पदकाची नोंद केली आहे, सोबत संपूर्ण सेवानोंदीचा उतारा तपासणीसाठी जोडला आहे.

तपासणीसाठी! बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांना काहीतरी तपासायला दिलं होतं. दशरथराव तिथेच बाकावर पेन्सिल काढून बसले. भरतीची तारीख बरोबर. उंची बरोबर. उजव्या भुवईवरचा तीळ बरोबर. पदकं चार, बरोबर. पुढची ओळ होती वैवाहिक स्थितीची. तिथे लिहिलं होतं: अविवाहित.

पदक सापडलं होतं, बायको हरवली होती.

"अंकलजी, आप तो कुँवारे निकले!" वैष्णवी खळखळून हसली. "आंटीजी को पता था?"

दशरथरावही हसले. हसण्यासारखंच होतं. सगळ्या पलटणीची लग्नं लावणारा हा माणूस स्वतः कोरा राहिला होता. हसतच ते जिना उतरले, मेट्रोच्या फलाटापर्यंत हसतच आले आणि तिथे त्यांना फॅमिली क्वार्टर आठवलं.

लग्न एकाहत्तरच्या मे महिन्यातलं. स्वतःच्या लग्नाचा आदेश स्वतःच काढणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून कागद शेजारच्या टेबलावरच्या क्लार्ककडे दिला. डिसेंबरात लढाई आली, पलटण हलली, पेट्या हलल्या. पुढे बायकोला सोबत ठेवता यावं म्हणून क्वार्टरसाठी अर्ज केला, उत्तर आलं नाही. दशरथरावांनी ठरवून टाकलं की यादी लांब आहे, आपला नंबर मागे असेल. चौकशी केली नाही. कचेरीतल्या माणसाने स्वतःसाठी चौकशी करायची म्हणजे वशिला लावायचा! दरवर्षी सेवापुस्तक तपासून सही करायची असते. इतरांना ते ओळ न् ओळ वाचून दाखवत आणि मगच सही घेत. स्वतःच्या पुस्तकावर मात्र न वाचता सही ठोकत, कारण आपल्या कचेरीत चूक होऊ शकते हे त्यांना मान्यच नव्हतं.

आणि रत्नप्रभा सासरी अकरा वर्षं क्वार्टरची वाट बघत राहिली. दर सुट्टीत विचारी, "नंबर आला का हो?" ते म्हणत, "येईल. आपण यादीत आहोत."

यादीत नव्हतेच. अविवाहित माणसाला कोण क्वार्टर देतो? फौज सुटून रेल्वेत लागले, जयपूरला क्वार्टर मिळालं, तेव्हा कुठे बाईंनी आपला संसार मांडला. निमिष झाला तोही त्यानंतरच.

फलाटावर तीन गाड्या आल्या आणि गेल्या. दशरथराव बाकावरच होते. ही गोष्ट सांगायला हवी होती ती एकाच माणसाला, आणि ते माणूस आता नव्हतं.

निमिषला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, मतलब, आई तर आता नाहीये ना. मग याच्याने होणार काय?"

"नोंद होईल."

"हां, ते ठीक आहे. पण फायदा?"

"फायदा नाही," दशरथराव म्हणाले. एवढ्या समाधानाने त्यांनी आयुष्यात काही कबूल केलं नव्हतं.

वैष्णवीने फॉर्म काढून दिला. लग्नाचा दाखला नसेल तर पत्नीचं प्रतिज्ञापत्र. पत्नी नसेल तर लग्नाला हजर असलेल्या तिच्या नातेवाइकाचं निवेदन, आणि त्या निवेदनात अर्जातला सगळा मजकूर जसाच्या तसा. दशरथरावांनी एका बैठकीत अकरा रकाने भरले. बारावा होता: नोंद करण्यास झालेल्या विलंबाचे कारण.

आता या रकान्याचे दशरथराव म्हणजे सम्राट! 'सेवेच्या निकडीमुळे', 'टपालातील दिरंगाईमुळे', 'पूरपरिस्थितीमुळे' ही त्यांची ठेवणीतली अस्त्रं. एका जवानाचा तीन वर्षांचा विलंब त्यांनी हिमवर्षावावर ढकलला होता, आणि तो जवान तेव्हा बाडमेरच्या वाळवंटात होता. तोही मंजूर झाला होता. पण आठ दिवस झाले तरी बारावा रकाना रिकामाच. 'सेवेच्या निकडीमुळे' लिहून पाहिलं, खोडलं. 'संबंधित क्लार्कच्या दुर्लक्षामुळे' लिहिलं. हे खरंही होतं, पण अर्धंच, तेही खोडलं. शेवटी नव्या फॉर्मवर सरकारी हिंदीत लिहिलं: 'अर्जदाराने अकरा वर्षांत एकदाही चौकशी केली नाही.' आणि पेन्सिल नव्हे, शाई वापरली.

न वाचलेल्या कागदावर मालनची सही घेणं त्यांच्याने होईना. रविवारी दहाला फोन लावला.

"बोला दाजी! आज काय शिजवलंय? का परवाचंच वाढून घेताय?"

"मालन, एक कागद वाचून दाखवायचा आहे."

"वाचा की. तुम्ही कागदाबिगर बोललायसा कवा?"

त्यांनी वाचलं. लग्नाची तारीख आली तेव्हा ती म्हणाली, "व्हय, लई ऊन हुतं. तुमच्या टोपीखालनं घामाच्या धारा लागल्या हुत्या." लग्न ज्या विहाराच्या अंगणात लागलं त्याचं नाव आलं, तेव्हा नुसतं "हं" केलं. मग बारावा रकाना आला.

"म्हंजी काय दाजी?"

त्यांनी मराठीत सांगितलं. मग सोप्या मराठीत सांगितलं. कारणं न देता सांगितलं.

"यादीत नाव नव्हतंच?" मालन म्हणाली.

"नव्हतं."

"अकरा वर्सं?"

"हो."

"दाजी, दर दिवाळीला ताई ट्रंक भरायची. गोधडी, कपबशा, तुमचा सदरा. संक्रांतीला परत उपसायची. तुमची आई म्हणायची, नेत न्हाई नवरा, हिच्यातच खोट असंल. पोर न्हाई म्हणून बाया ओटी भरायला बोलवत नव्हत्या तिला. मी सांगायची, ताई, भांड की दाजींशी! तर म्हणायची, त्यांच्या हातात काय हाय, यादी सरकारची हाय."

दशरथरावांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"धाडा कागद," ती म्हणाली. "सही करते. ताईपायी करते. पर आता तुमी फोन करू नका. मला वाटंल तवा मी करीन."

"बरं."

कागद गेला, आठवड्यात सही होऊन परत आला. पाकिटात दुसरं काही नव्हतं. कागद वैष्णवीने पुढे पाठवला, आणि दशरथराव वाट बघायला लागले. या कामाचा त्यांना अनुभव दांडगा.

पहिल्या रविवारी दहा वाजता ते फोनसमोर बसून राहिले. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी दाढी करून बसले, जणू तिला दिसणार होती. कुठल्याशा मंगळवारी त्यांच्या लक्षात आलं की महिनाभरात तोंडातून मराठी शब्द गेलेला नाही. मग ते कुकरशी बोलायला लागले. कुकर तीन शिट्ट्यांच्या पुढे संभाषण वाढवीना. सांगानेरी छापाची चादर घडी घालताना "हे टोक धर" असं म्हणून गेले, आणि दुसरं टोक खाली लोंबत राहिलं. संध्याकाळी मेट्रोत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जात आणि तसेच परत येत. डब्यात माणसं असत, आणि शहात्तर वर्षांच्या माणसाला कुणीतरी "बैठिए अंकलजी" म्हणे. तेवढंच. नोंदवहीत आवक कमी होत गेली. एका आठवड्याचं पान तर कोरंच उलटलं.

पाचव्या महिन्यात वैष्णवीचा फोन आला. "अंकलजी, बधाई हो! शादी हो गई आपकी!"

आदेश एका पानाचा होता. हवालदार क्लार्क दशरथ बनसोडे यांचा विवाह, रत्नप्रभा यांच्याशी, मे १९७१. नोंद त्या तारखेपासून धरावी. दशरथरावांनी दोनदा तपासला. चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं. कुणाला तरी काहीतरी लिहिता आलं असतं.

वैष्णवीने पेढा दिला. "अब तो खुश?"

"हां," ते म्हणाले. "किसको बताऊँ, वो देखता हूँ."

ते कागद घेऊन घरी आले. शनिवार होता, दुपार. खुर्चीत बसले. मालनचा फोन येईल, तेव्हा सांगू, असं त्यांनी ठरवलं. तिनेच म्हटलं होतं, वाटेल तेव्हा करीन म्हणून. तिचा राग ओसरायला वेळ लागत असेल. लागणारच. आपला नंबर येईल.

हे शेवटचं वाक्य मनात उमटलं, आणि दशरथराव खुर्चीत नुसते बसून राहिले. किती वेळ, त्याची नोंद नाही. मग उठले आणि रविवार नसताना, दहा वाजले नसताना, परवानगी नसताना फोन लावला.

आठ वेळा वाजला. नवव्याला उचलला.

"कोन?"

"मी दशरथ, जयपूरहून."

तिने फोन ठेवून देण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं.

"मालन, कागद आला. नाव लागलं ताईचं."

"बरं झालं."

"ते सांगायला फोन नाही केला," ते म्हणाले, आणि आवाज इतका चिरका निघाला की त्यांनाच ओळखू येईना. "चौकशीसाठी केला. तुला माझ्याशी बोलायचं आहे का, ते विचारायला. नसेल तर तसं सांग. मी आपला नुसता वाट बघत बसलो होतो."

मालन काही बोलणार, तेवढ्यात तिकडे काहीतरी धाडकन पडलं.

"आगं बया! दाजी, थांबा, शेळी सुटली. ज्वारीत शिरली बघा!"

फोन कुठेतरी दगडावर ठेवल्याचा आवाज झाला. बंद केला नव्हता. दूरवर मालन ओरडत होती: "हात् तुझ्या! ये हिकडं, भवाने! आरं आडवा की कुणी!" एक कोंबडी जवळून बोलत गेली. कुणीतरी लांबून हसलं. मालनच्या शिव्या ज्वारीच्या कडेकडेने लांब गेल्या, वळल्या, पुन्हा लांब गेल्या.

दशरथरावांनी खुर्ची खिडकीजवळ ओढली, फोन उजव्या कानाचा डाव्या कानाला लावला, आणि ते थांबले. शेळी काही सापडत नव्हती.