बनुकाकींची कबुली

बनुकाकींना स्वतःचं मूलबाळ नाही, पण घरात पोरं पाच. विट्याकडच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी, तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पांगलेत. त्यांची पोरं मागं भावकीत राहून शिकतात, आणि भावकीत भरवशाच्या म्हणजे बनुकाकी.

काकींचा एक नेम होता. संध्याकाळी आईबापाचा व्हिडिओ कॉल आला की प्रत्येकानं धडा मोठ्यानं वाचून दाखवायचा. काकी शेजारी मान डोलवत बसायच्या. कोणी अडखळलं की "पुन्यांदा वाच" म्हणून दरडावायच्या. मी चौथीची वर्गशिक्षिका. मलाही या नेमाचं फार कौतुक होतं.

काकींच्या पुतण्याची, कृष्णातची मुलगी राजनंदिनी तिसरीपर्यंत सेलमला तमिळ शाळेत होती; यंदा जूनमध्ये माझ्या वर्गात आली. वर्षभरात मराठी जमलं नाही तर शाळा बंद, धाकट्या भावाला सांभाळायला परत नेणार, असं कृष्णातनं बजावलं होतं. पोरगी तर धडे घडाघडा वाचायची. एकदा मी फळ्यावर पुस्तकाबाहेरची चार वाक्यं लिहिली आणि ती गप्प झाली. सगळं नुसतं ऐकून पाठ केलेलं! मला माझाच संताप आला, पण तो काढला काकींवर. शाळा सुटल्यावर तडक त्यांच्या घरी गेले.

"रोज शेजारी बसता, तुम्हाला कळलं कसं नाही?"

तेवढ्यात कृष्णातचा फोन आला. राजनंदिनीनं पुस्तक उघडलं. काकींनी ते मिटून बाजूला ठेवलं.

"कृष्णात, पोरीला वाचाय येत न्हाई. आनि मला बी येत न्हाई. पोरं मान देत्यात, म्हनून आजवर कुनाला सांगितलं न्हाई. चूक माजी हाय, तिची न्हाई. तिला नगं नेऊ."

पोरं त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काकी, मग आता शिकवनार कोन?" कृष्णातनं विचारलं.

"बाई हायत की. मी बी बसते तिच्यासंगं शिकाय."

"ऱ्हाऊ द्या तितंच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात राजनंदिनी आपणहून उभी राहिली. "बाई, मला वाचता येत नाही. काकींनापण येत नाही." मी तिला बसवणार, तोच मागच्या बाकावरून आणखी एक मूल "मलापण" म्हणत उभं राहिलं. मग दुसरं. मग तिसरं. तिघंही गलाईवाल्यांचीच. जूनपासून मी त्यांना वाचताना ऐकत होते.