तापल्या चाकांवर पाणी

उन्हातून आलेल्या माणसाच्या पायांवर आधी पाणी, मग बाकीच्या गोष्टी, ही आमच्या घरची रीत. निवृत्तीनंतरही बाबा खापरखेड्यालाच राहिले. दर रविवारी स्वतः गाडी चालवत जरीपटक्याला माझ्याकडे यायचे. पाय धुऊन ते कूलरपुढे बसले की मी अंगणात पाइप ओढून गाडीच्या चाकांवरही पाणी मारायची. वीज केंद्राजवळच्या रस्त्यावरच्या राखेनं माखलेली, तापलेली चाकं. पाणी पडलं की चर्र व्हायचं आणि मला माझंच कौतुक वाटायचं.

उन्हाळा सरता सरता एकदा मी गाडीत त्यांच्या शेजारी बसले होते. सिग्नलला बाबांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत थरथरताना मला दिसला. माझ्या तोंडाला लगाम कधीच नव्हता.

"बाबा, पाय कापून राहिला तुमचा. आता काहून हट्ट करता? द्या किल्ली."

जन्मभर वीज केंद्रातली यंत्रं सांभाळलेला हा माणूस. त्यांनी एकदा पायाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं किल्ली दिली. पुढच्या रविवारी ते बसनं आले, घामानं निथळत. मला मात्र आपण फार शहाणपण केल्यासारखं वाटत होतं.

मग एके दिवशी इतवारीच्या बाजारातून बाबांच्याच गाडीनं परतताना मी ब्रेक दाबला, तर पेडल माझ्याच पायाखाली थडथडलं. माझा पाय चांगला धडधाकट. गॅरेजमध्ये कळलं, पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या डिस्क वाकड्या झाल्यात.

बाबांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"गाडी आली का लगेच पाणी मारत होती काय वं?"

"हो."

"तापल्या लोखंडावर थंडं पाणी मारू नये, माय. निवू द्याचं आधी." मग हळूच म्हणाले, "मले समजाले पाहिजे होतं हे. पण तू म्हणली पाय कापते, तं मलेही पायच वाटला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डिस्क बदलल्या, माफी मागितली, किल्ली त्यांच्या हातात ठेवली. आता गाडी सावलीत चांगली निवेपर्यंत मी पाइपला हात लावत नाही. ब्रेकही अगदी अलगद लागतात.

पण मी शेजारी असले की बाबा प्रत्येक सिग्नलला गाडी थांबवून आधी आपल्या पायाकडे बघतात, मग माझ्याकडे.

"आता तं नाही कापला ना वं?"