अक्काचा डावा हात

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. वडील लवकर गेले. थोरल्या अक्काने चौथीत शाळा सोडली, धरणगावात कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरी केली आणि मला धुळ्याला कॉलेजात ठेवलं. हे मी अभिमानाने सांगतो.

गोष्ट नव्वदीनंतरची, धुळ्यातली, भर दुपारची. अक्का माझ्याकडे आली होती. जेवता जेवता एकदम छाती धरून आडवी झाली.

“भाऊ, पाठ फाटी राहिनी रे…”

रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक वाटतोय. उजव्या हातावर घेतलेलं बीपी खूपच वाढलेलं. डाव्या हाताला सलाईन, म्हणून तिकडे कोणी पाहिलंच नाही. नर्स गुठळी विरघळवणारं इंजेक्शन भरू लागली.

तेवढ्यात माझा डावा हात कोपरापासून गार पडला… बर्फात घातल्यासारखा. मी भिंतीला टेकलो.

“पेशंट कोण आहे? तुम्ही की ह्या?” डॉक्टर वैतागले. तरी त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं सरकवून पुन्हा पाहिलं. “तुमची नाडी लागत नाहीये…” उजव्या हाताची मात्र व्यवस्थित लागली.

ते वळले आणि त्यांनी अक्काचा डावा हात धरला. तिथेही नाडी नव्हती.

“सिस्टर, इंजेक्शन ठेवा खाली!”

एक्स-रेत छातीतली मोठी रक्तवाहिनी रुंदावलेली दिसली. त्या वाहिनीचा आतला पदर फाटला असणार, म्हणून डाव्या हाताला रक्त पोचत नाही, ते म्हणाले. ते इंजेक्शन गेलं असतं तर रक्त आवरलं नसतं. बीपी उतरवणारं औषध शिरेतून चालू ठेवून तिला मुंबईला हलवलं. स्कॅनमध्ये तेच निघालं. फाट हृदयापासून लांब होती, त्यामुळे ऑपरेशन लागलं नाही, औषधांवर निभावलं.

माझा हात एक्स-रे होईपर्यंत पूर्ववत झाला होता. पुढे सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. डॉक्टरांना विचारलं.

“घाईत माझी बोटं चुकली असतील,” ते म्हणाले. “पण हात गार होता, हे खरं.”

अक्का अजून चिडवते, “आजारी मी, अन् डॉक्टर तुना हात धरी राहिंता!”

उत्तर मी आता शोधत नाही. अक्का वाचली. तिचं बीपी ताब्यात आहे.