प्रयोगशाळेतले मामा

लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र मी शिकवायचो, पण ऑरगॅनिक समजून घ्यायला पोरं प्रयोगशाळेतल्या दहावी झालेल्या शिपाई मामांकडं जायची. परीक्षानळ्या धुता धुता मामा सांगायचे, "पाठ करू नका लेकरांनो. इलेक्ट्रॉन कुठं जादा हायत ते बघा, रिअ‍ॅक्शनचा बाण तिथूनच निघतो. रोज हातानं काढा."

माझ्या नोट्सपेक्षा हे सोपं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

एकदा मी बजावलं, "शिकवणं तुमचं काम नाही."

"हाव सर," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मुलीला स्वतः माझ्या टेबलापाशी आणलं. "सर माझ्याहून लई चांगलं सांगतेत."

मी अर्धा तास जीव ओतून समजावलं. तिनं वही उचलली, शेजारी नळ्या धुणाऱ्या मामांकडं वळली आणि हळूच विचारलं, "मामा, हे बरोबर हाय का?"