एकचा भोंगा

श्रीधर माझा सख्खा धाकटा भाऊ. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की हा एवढी तारीफ का करून राहिला. माळव्यात त्याच्याइतका पायी फिरलेला माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये दुसरा नाही. असेल तर आणा समोर, चहा माझ्याकडून.

मी थोरला सातवी शिकलो, श्रीधर मॅट्रिक झाला. मॅट्रिक झाल्याबरोबर कपड्याच्या मिलमध्ये टाइमकीपर लागला. भोंगा वाजवायचं काम. सकाळी सातचा, दुपारी एकचा, संध्याकाळी साडेपाचचा. वीस वर्षांत एक भोंगा मिनिटभर इकडचा तिकडे झाला नाही. आसपासचे लोक त्यावर घड्याळं लावायचे. देवळातला पुजारीसुद्धा एकचा भोंगा ऐकूनच कुलूप घालायचा.

रविवारी मिल बंद, की हा घराबाहेर. पहाटेची बस पकडायची, लांब कुठंतरी उतरायचं, दिवसभर चालायचं आणि रात्री जेवायला घरी. जानापावचा डोंगर झाला, गंभीर नदीच्या तलावाकाठच्या टेकड्या झाल्या, मांडू तर किती वेळा झालं. पण त्याची लाडकी जागा धारच्या पलीकडची. आपल्याकडची माती काळी, तिथं एकदम जमीन पांढरी होते. चुनखडीचं पठार. दगड फोडला की आत शिंपले. एक शिंपला त्यानं आणून घरच्या देव्हाऱ्यापाशी ठेवला होता. "कधीकाळी समुद्र होता तिथं," म्हणायचा. सगळी गल्ली हसली होती. पुढं कॉलेजच्या प्रोफेसरांनी बघून सांगितलं की बरोबर आहे, तेव्हा गल्ली गप्प झाली.

ते पठार चालता चालता अचानक फाटतं आणि खाली खोल दरी. तिकडं दरीला खो म्हणतात. खोच्या पोटातून दोन तास चाललं की पलीकडच्या टोकाला टेकड्यांमध्ये तलाव.

श्रीधरचा नियम एकच. एक वाजला की असाल तिथून वळायचं. तलाव चार पावलांवर असला तरी वळायचं. का, तर जायला लागला तेवढा वेळ यायला लागतो, आणि थकलेल्या पायांना त्याहून जास्त. "एकचा भोंगा झाला," म्हणायचा आणि पाठ फिरवायचा.

मग मिल बंद पडली. ब्याण्णव साल. शहरात एसटीडीचे पिवळे बूथ निघाले, घराघरावर केबलच्या तारा आल्या, रंगीत टीव्हीची दुकानं लागली, आणि मिलचा भोंगा गेला. अडतिसाव्या वर्षी श्रीधर घरी बसला. दोन-अडीच वर्षं इकडंतिकडं मिळेल ते केलं. त्याची बायको जयू साड्यांना फॉल लावून घर ओढायची. रविवारी फिरायला जायचीसुद्धा त्याला लाज वाटायला लागली.

अशात रमेश सेठ भेटले. त्यांच्या दोन बसेस, यात्रेकरूंना ओंकारेश्वर-महेश्वर फिरवायच्या. त्यांनी कुठंतरी श्रीधरचं नाव ऐकलं होतं. म्हणाले, "अब लोगों को मंदिर के अलावा भी घूमना है, श्रीधरभाई. एक इतवार करके दिखाओ. पंधरा सवारी लाओ, तालाब दिखाओ, राजी-खुशी वापस लाओ. हो गया तो मेरे बोर्ड पर हर इतवार तुम्हारा नाम. नहीं हुआ, तो राम राम."

पक्की नोकरीच ती. श्रीधर घरी आला तो उड्या मारतच.

नोटीस जयूनं लिहिली, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. मराठी समाजाच्या फळ्यावर लागली: 'येत्या रविवारी घाट उतरून तलावापर्यंत सहल. पहाटे साडेचारला जमणे. शिदोरी, टॉवेल व जादा कपडे आणावेत.' दोन दिवसांत पंधरा नावं आली. पहिलं नाव समोरच्या अक्कांचं, वय बासष्ट. दुसरं अण्णांचं, पोस्टातून रिटायर झालेले.

रविवारी साडेचारला, सहलीच्या बसेस नेहमी सुटतात त्या नानाखेड्याच्या स्टँडवर बस उभी. रमेश सेठ स्वतः आले होते. भरलेला देह, पायात नवे कोरे बूट. पावणेपाच झाले, पाच झाले, साडेपाच झाले. माणसाचा पत्ता नाही.

"पंधरा बोले थे," सेठ म्हणाले. "मैं, ड्राइवर, तुम और भाभीजी. चार हुए."

श्रीधर रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन बघून आला. तेवढ्यात एक दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "भैया, आपके समाज वाले तो सब राम घाट पे बैठे हैं. आपको ही पूछ रहे थे."

जयूनं तोंडावर हात ठेवला. ती माहेरची साताऱ्याची. तिच्याकडं घाट म्हणजे डोंगरातली वाट, चढायची आणि उतरायची. उज्जैनच्या माणसाला घाट म्हटला की क्षिप्रेच्या पायऱ्या. त्यातून माघाचा महिना, टॉवेल आणा, जादा कपडे आणा! लोक बिचारे पहाटेच्या थंडीत माघस्नानाला जाऊन बसले होते.

बस राम घाटावर नेली. सगळ्यांच्या आंघोळी होऊन गेलेल्या, कोणी धोतर पिळून राहिलं होतं, कोणाचे दात वाजत होते. अक्का गुरुजींना धरून संकल्प सोडत बसलेल्या, मधे उठायला तयार नाहीत.

"साडेचारपासून कुडकुडतोय आम्ही!" अण्णा कडाडले. "आणि हा आता उगवून राहिला. टाइमकीपर म्हणे!"

जयू काही बोलायला गेली. श्रीधरनं तिच्या हातात डब्याची पिशवी दिली आणि म्हणाला, "चूक माझी आहे, अण्णा. नोटीस नीट बघितली नाही. बसा, खिडकीपाशी बसा."

असा आहे माझा भाऊ. बायकोचं नाव त्यानं तेव्हा घेतलं नाही, नंतरही नाही.

बस निघायला पावणेसात झाले. धार सोडून पुढं पठारावर पोचेपर्यंत पावणेअकरा. पण एकदा चालायला लागले तशी मंडळी खुलली. पांढऱ्या दगडावर ऊन पडलेलं, अक्का शिंपले शोधून पदरात बांधून राहिल्या. "अगंबाई, हा बघा, अख्खा आहे!" अण्णांनी पोस्टातले किस्से काढले. खोच्या तोंडाशी आल्यावर मात्र सगळे कडेवरच थबकले. दोन्ही बाजूंनी सरळ भिंती आणि तळात हिरवी झाडी. श्रीधर एकेकाला हात देऊन उतरवत होता आणि दर वळणावर मनगटावरचं घड्याळ बघत होता. दोन तास उशीर. त्यानं मनातल्या मनात हिशेब मांडला, तो जुळेना.

खोच्या वळणावर अण्णा ओरडले, "तो काय! तलाव!"

खरंच होता. दोन भिंतींच्या मधून लांबवर पाण्याची एक पट्टी चकाकत होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीधरनं घड्याळ बघितलं. एक.

क्षणभर त्याला वाटलं, आजच्या दिवस पावणेदोनला भोंगा वाजवावा. कोणाला कळणार आहे? समोर तलाव होता, बोर्ड होता, जयूच्या हातातली सुई सुटणार होती. वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं, एवढंच काय ते.

"वळा," तो म्हणाला. "वीस मिनिटांत खाऊन घ्या आणि वळा. एकचा भोंगा झाला."

"कोणाचा भोंगा रे?" अक्का चिडल्या. "मिल तर कधीच बंद पडली!"

"मिल बंद पडली, अक्का. एक वाजायचे थोडेच बंद झालेत?"

रमेश सेठ पुढं आले. "श्रीधरभाई, तालाब सामने दिख रहा है."

"दिख रहा है. पर चालीस मिनट का रास्ता है, सेठ. चालीस जाने के, चालीस आने के."

"बोर्ड वाली बात याद है ना?"

"याद है," श्रीधर म्हणाला, आणि वळला.

कोणी त्याच्याशी नीट बोललं नाही. अण्णा मोठ्यानं म्हणत होते, "आंघोळ घाटावर, जेवण दगडावर आणि तलाव फोटोत!" श्रीधर सगळ्यात मागं राहिला, कारण सगळ्यात मागं सेठ होते.

उतरताना सेठ मजेत उतरले होते. चढताना दहा पावलांवर बसायला लागले. नव्या बुटांनी टाचा सोलल्या. श्रीधरनं आपली काठी दिली, त्यांचे बूट काढून टाचांना फडकं बांधलं, पाण्याची बाटली दिली. चढासकट दीड तासाची वाट, तिला तीन तास लागले. अक्का वर पोचून, खाली वाकून हाका मारायच्या, "अहो सेठ, आ रहे हो का नहीं?"

शेवटच्या दगडावर सेठ आले तेव्हा साडेचार वाजले होते. त्यानंतर पठार. बसपाशी टेकले तेव्हा सहा वाजून गेलेले. सूर्य पठाराच्या कडेला लागला होता. सेठनी मागं वळून बघितलं. पठारावर अजून ऊन होतं, पण लांबवर खोची फट काळीकुट्ट झाली होती. ज्या दगडांवरून ते रांगत आले त्यातला एक दिसत नव्हता. मग श्रीधरच्या घड्याळाकडं बघितलं. बसमध्ये बसल्याबरोबर झोपून गेले.

घरी पोचल्यावर श्रीधर जयूला एवढंच म्हणाला, "गेलं."

"माझ्याच घाटानं घात केला," जयू रडायला लागली.

"तू बरोबर लिहिलं होतंस. उज्जैनच जरा चुकीच्या जागी आहे," तो म्हणाला. मग घड्याळाला चावी देऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गल्लीत कुत्री भुंकायला लागली. रमेश सेठ येत होते, पायात रबरी चपला, एक हात भिंतीला, चाल खेकड्यासारखी आडवी. मागं रंगाचे डबे घेतलेला पेंटर.

"ऊपर आइए, सेठ," श्रीधर दारात आला.

सेठनी ओट्याच्या तीन पायऱ्यांकडं बघितलं. "नहीं भाई. एक महीना मैं कुछ नहीं चढ़ूँगा. भाभीजी को बुलाओ, बोर्ड का मजमून लिखना है. और हाथ जोड़ता हूँ, घाट मत लिखना."

समोरच्या गॅलरीतून अक्का ओरडल्या, "ए श्रीधर, पुढच्या रविवारी माझं नाव पहिलं घाल! तलाव राहिलाय माझा!"

जयू कागद-पेन घेऊन बाहेर आली. सेठ भिंतीला धरून उभ्या उभ्या सांगत राहिले, ती लिहीत राहिली. ठिकाण लिहिलं, नानाखेडा लिहिलं, श्रीधरचं पूर्ण नाव लिहिलं. कागद पेंटरच्या हातात गेल्यावर सेठनी तो परत मागून घेतला.

"नीचे एक लाइन और," ते म्हणाले. "लाल रंग में, बड़े अक्षर. जहाँ भी हों, एक बजे वापसी."