पालिकेच्या पायरीवरचा नारळ

सामान तपासणाऱ्या यंत्राचा पट्टा थांबला आणि सुचित्रा पिशवीकडे सरकली.

"मावशी, पिशवीत हे गोल काय?" सुरक्षारक्षकाने विचारलं.

"नारळ."

"आई!" मागून मेघना कुजबुजली. "इथे पण?"

नवरा गुणाजी छापखान्यात लागला तेव्हा जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदार देवाला, नारळ ठेवायचा राहून गेला होता. महिना भरायच्या आत कागद कापायच्या मशीनखाली त्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून घरातलं माणूस नव्या जागी पाऊल ठेवण्याआधी सुचित्राचा नारळ तिथे पोचायचा, मग ती शाळा असो की भाड्याची खोली. आता लेक उद्यापासून महापालिकेच्या मुख्यालयात लिपिक. रविवारी पर्यटकांना इमारत दाखवतात म्हणून मेघनाने हौसेने आईचं तिकीट काढलं. घोडपदेवहून निघताना आईने पिशवीच्या तळाशी नारळ सरकवला.

"आत नाही नेता येणार. टेबलाखाली ठेवा, जाताना घ्या."

"आणि कोणी चटणीला नेला तर?"

रक्षक हसला. मेघना नाही. "उद्या हाच माणूस माझं ओळखपत्र बघणार आहे, आई."

इमारत दाखवणारी ऋता पुढे बोलत होती. उंच घुमट, रंगीत काचा, सभागृहाचं कोरीव लाकूड. सगळ्यांच्या माना वर आणि सुचित्राची सारखी मागे, दाराकडे. मोठा जिना आला तशी तिने चपला काढून हातात घेतल्या.

"घाल आधी! लोक बघतायत."

"मावशी, आवडलं का?" ऋताने विचारलं.

"मोठं आहे हो. इथला राखणदारपण तसाच कडक असणार."

"कोण?"

"काही नाही, चला," मेघना घाईने म्हणाली.

परत आल्या तर टेबलापाशी दुसराच रक्षक.

"कसला नारळ? मी आत्ताच आलो."

सुचित्राने वाकून पाहिलं. टेबलाखाली काहीच नव्हतं. उद्या सकाळी लेक इथूनच आत जाणार, तशीच, रिकामी. तिच्या डोळ्यांसमोर गुणाजीचा पट्टी बांधलेला हात आला. मेघना गुडघ्यांवर बसली, नवी ओढणी लादीवर लोळली, आणि खुर्चीमागून तिने नारळ ओढून काढला.

बाहेरच्या पायरीवर नारळ ठेवून सुचित्राने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझा चेडू उद्यापासून तुझी पायरी चढतला. तेच्या हातापायाक सांभाळ, इडापिडा दूर ठेव, म्हाराजा!"

आणि ती थांबली. देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याला सोबतच्या माणसाचा होकार लागतो, तो स्वतःचा स्वतःला देता येत नाही. पर्यटक बघत होते. रक्षकही दारात आला. मेघनाची मान खाली.

सुचित्राने डोळे उघडले नाहीत.

"व्हय म्हाराजा!" मेघना म्हणाली, तिलाही वाटलं नव्हतं इतकी मोठ्याने. मग लाल झालेल्या चेहऱ्याने नारळ उचलून तिने आईच्या पिशवीत टाकला.

"चल आता. घरी फोडू. पहिला तुकडा पप्पांना दे."